उमेदवार दुसराच

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट शहरात जगदीशचं औषधांचं दुकान होतं, आणि दुकानाइतकाच जीव त्याने पक्षाच्या स्थानिक शाखेला लावला होता. सभेच्या खुर्च्या मांडायच्या, चहा करायचा, नव्या सभासदांना पक्षाचा विचार समजावायचा, सगळं त्याच्याकडे. विचार तो साध्या शब्दांत सांगे. माणूस आधी घराचा, मग गल्लीचा, क्लबचा, देवळाचा किंवा चर्चचा. सरकारने या सगळ्यांच्या मागे उभं राहावं, पुढे नव्हे. स्वातंत्र्य हवं तर जबाबदारीही घ्यावी. आणि बदल करावा तो औषधाचा डोस बदलतात तसा, थोडा थोडा, परिणाम बघत.

पन्नाशी उलटल्यावर त्याने संसदेच्या निवडणुकीसाठी उमेदवारी मागितली. सभासदांनी मतं दिली इंद्रनीलला. बॉटनी डाउन्स हे दूरचं उपनगर सोडून नुकताच इकडे आलेला हा वकील देखणा होता, तरुण होता, आणि बोलायला उभा राहिला की लोक हातातलं बिस्किट खायचं विसरत.

जगदीशने सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला. घरी आल्यावर मात्र त्याने ताट पुढे सरकवलं.

"आयत्या बिळावर नागोबा!" तो ताटावरून उठत म्हणाला.

"मग सोड ना शाखा," त्याची बायको वसुधा म्हणाली.

"हरलो म्हणून सोडू? नियमाने मतदान झालंय. नियम आपल्याला सोयीचा असेल तेव्हाच पाळायचा, असं कधी शिकवलंय मी कुणाला?"

"नाही शिकवलंस. पण चेहरा बघ आरशात."

पुढच्या जाहीर सभेत माओरी या इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या एका तरुण नर्सने विचारलं, "जुनं जपा म्हणता, मग जुना अन्यायही जपायचा का?"

इंद्रनील अडखळला. पाणी प्यायला, आकडेवारी सांगू लागला. मागच्या रांगेत जगदीशला आतून गुदगुल्या झाल्या. बुडू दे, त्याच्या मनात आलं. पण प्रश्न खरा होता आणि ती मुलगी उत्तराची वाट बघत उभीच होती. ते बघून त्याला राहवेना. तो उठला.

"जपणं म्हणजे गोठवणं नव्हे," तो म्हणाला. "लाकडी घराला कीड लागली तर किडकी फळी काढावीच लागते. नाहीतर घरच जातं. फक्त एका फळीसाठी घर पाडायचं नाही. आणि कीड कुठे आहे, ते त्या खोलीत राहणाऱ्याला आधी विचारायचं."

"विचारलं तर ऐकाल का?" तिने विचारलं.

"ऐकलं नाही तर आमचं जपणं खोटं," जगदीश म्हणाला. ती खाली बसली. टाळ्या झाल्या.

आठवड्याभरात इंद्रनील ते उत्तर प्रत्येक सभेत देऊ लागला. तेच घर, तीच फळी, तीच कीड. शाखेतली सुमेधा एकदा म्हणाली, "किती छान सुचतं ना त्याला!" जगदीशच्या अंगाचा तिळपापड झाला. वाक्य आपलं, टाळ्या त्याच्या. त्याने इंद्रनीलला गाठलं.

"ते माझं होतं."

"हो काका! आपल्या सगळ्यांचंच की," इंद्रनील मनापासून हसला. त्या 'काका'ने वाक्याच्या चोरीपेक्षा जास्त डंख मारला.

तरीही हिवाळाभर जगदीश इंद्रनीलच्या प्रचारासाठी भिजत दारोदार फिरला. विचाराला आपलं नाव लागलं तरच तो खरा, असं असेल तर तो विचार कसला, हे त्याच्या डोक्याला पटत होतं. मनाला पटत नव्हतं.

एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं आणि त्याला निरखून विचारलं, "तुम्हीच का उमेदवार?"

क्षणभर त्याला 'हो' म्हणावंसं वाटलं.

"नाही. उमेदवार दुसरा आहे," तो म्हणाला. "चांगला माणूस आहे."

ते खरं होतं. इंद्रनील ऐकूनही घ्यायचा, आणि मेहनतीलाही कमी नव्हता. खोटं असतं तर जगदीशला सोसायला सोपं गेलं असतं.

इंद्रनील निवडून आला. विजयाच्या रात्री जगदीश हॉलवर गेला, टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांच्या आधी घरी निघाला.