तीन श्वासांचा शंख

आमच्या गल्लीतल्या देवळात आरतीनंतर शंख फुंकायचा मान दत्तूकाकांचा. पूर्वी ते एका दमात इतका वेळ वाजवायचे की ऐकताना आमचाच जीव घुसमटायचा. कोविडमधून ते वाचले, पण छाती पहिल्यासारखी झाली नाही. आता तोच नाद तीन तुकड्यांत येतो. मध्ये ते खांबाला टेकतात, धाप ओसरू देतात.

काल नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी पहिल्या तुकड्यानंतरच जोडलेले हात सोडले.

"थांबा, अजून संपला नाही," शेजारच्या प्रभाताई हळूच म्हणाल्या.

मी पाहिलं, बाकी सगळ्यांचे हात जोडलेलेच होते. असं कुणी ठरवलं नव्हतं. साथ गेली म्हणतात, पण ती काकांच्या छातीत अजून आहे, हे या हातांना ठाऊक होतं.

खरं सांगतो, पूर्वी मी नुसता शंख ऐकायचो. आता मधल्या त्या शांततेतच माझे हात जास्त घट्ट जुळतात.