फळीवरचं वजन

चालू मशीनखालच्या फळीवर बसून नाव कोरून घेणारा माणूस मुळशी तालुक्यात मी एकटाच आहे. असं माझा पोरगा दत्तू सांगत फिरतो, आणि तो ते कौतुकानं सांगत नाही.

दत्तूची आई, आमची हिराबाई, गेली त्याला वर्ष होत आलं होतं. भाजीची पाटी घेऊन ती सगळी हयात भऱ्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिली, कारण तिथं बसायला धोंडासुद्धा नाही. (होता एक, तो रस्ता रुंद करताना गेला.) म्हणून मी ठरवलं, वर्षश्राद्धाला फाट्यावर बाकडं ठेवायचं आणि त्यावर तिचं नाव घालायचं. बांधावरचा आंबा वाऱ्यानं पडला होता, त्यातून चांगली रुंद फळी निघाली. एकच. बाकी सगळा आंबा आतून पोकळ.

दत्तू पिरंगुटला फर्निचरच्या कारखान्यात. तिथं काँप्युटरात अक्षरं घालायची, मशीन ती लाकडात कोरतं. मालकानं जेवणाच्या सुट्टीपुरतं मशीन दिलं. दुसऱ्या दिवसापासून ते मोठ्या ऑर्डरीला लागणार होतं, आणि श्राद्ध परवावर आलेलं.

फळीची कड वेडीवाकडी, वर साल. मी रंधा मागितला. दत्तू म्हणाला, राहू द्या, बावधनचे फ्लॅटवाले असलीच कड मागतात. आमच्यात साल चुलीत घालतात, पण म्हटलं असेल. सालीत किडामुंगी बघितली का, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, "चार महिनं माळ्यावर हुती. माझ्या माळ्यावर मुंगी चढत न्हाई."

मग त्यानं विचारलं, "नावाआधी कै. घालू का?"

"नगं. ती गेली हे फाट्याला ठावं हाय."

फळीला सरळ कडच नाही, तर नाव सुरू कुठून करायचं? दत्तूनं मधोमध खडूची रेघ मारली, मशीनचं पातं रेघेच्या टोकावर आणलं, खाली कागदाचा कपटा सरकवून उंची लावली. (एवढं निरखून त्यानं बायकोसुद्धा बघितली नव्हती.) पण फळी बसेना. क्लँप आवळला की वाकड्या कडेवरून घसरे. पाचर मारली की एक टोक बसे, दुसरं उठे. दत्तू म्हणाला, खालून सपाट करायला पाहिजे, आज व्हायचं न्हाई.

आता भातखाचरात चिखल सारखा करताना बैलांमागं फळी लावतात. फळी उचलायला लागली की वर माणूस उभा करतात. हे काम मी जन्मभर केलंय. मी सरळ जाऊन उठलेल्या टोकावर मांडी घातली. फळी गुमान बसली.

"आबा, मशीन हाय ते. बैल न्हाई."

"बैल लाथ मारतो. ह्याला पाय तरी कुटं हायेत? दाब बटन."

त्यानं हातानं मापून बघितलं. नाव माझ्यापासून दोन हात अलीकडं संपत होतं. "बसा," तो म्हणाला, "पण हलायचं न्हाई. तुमी उठला की फळी उठंल आन पातं आत घुसंल. दुसरी फळी न्हाई आपल्याकडं."

मशीन सुरू झालं. 'हि' असं देखणं उतरलं की डबा खात बसलेला पॉलिशवालाही उठून आला. "बाबा, फोटो लूँ?" म्हणाला. मी मान ताठ केली.

'रा'च्या वेळी घोट्याला काहीतरी चावलं. मशीनच्या थरथरीनं सालीखालचं अख्खं मुंगळ्यांचं गाव जागं झालं होतं! 'बा' सुरू झाला तेव्हा ते गुडघ्यावर होते. बोलायची सोय नाही. माळ्याची बढाई ताजी होती.

"आबा, तोंड का आसं केलंय?"

"काय न्हाई. तुज्या आईची आठवण आली."

दत्तूनं डोळे पुसले. पॉलिशवाल्यानं मोबाईल खाली घेतला आणि तोही मान खाली घालून उभा राहिला. दोघं दुःखात, आणि मुंगळे चढतच होते.

'ई' अर्धी झाली आणि मुंगळे अशा मुक्कामी पोचले की मी उठलो. उठलो म्हणजे उडालोच. माझ्यामागं फळीही उठली, पातं खचकन आत गेलं, दत्तूनं लाल बटनावर हात मारला. तोवर मी बाहेर अंगणात पायजमा झटकत होतो.

आत आलो तर दत्तू 'ई'त बोट घालून बघत होता. अक्षर ओळखू येत होतं, पण बोटाची दोन पेरं आत जात होती. पुट्टी भरतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. फळी फुटली नाही हेच खूप. श्राद्धादिवशी बाकडं फाट्यावर गेलं, आणि त्यावर पहिल्यांदा टेकल्या त्या पाट्या घेतलेल्या बायकाच.

फाट्यावरून घरी येताना दत्तूनं विचारलं, "आईनं बघितलं आसतं तर काय म्हणाली आसती?"

मला विचारात पडायचं कारणच नव्हतं. मी उभ्या उभ्या जेवायचो, आणि ती रोज एकच सांगायची, अवो, घटकाभर एका जागी बसा की. जन्मात एकदा तिच्यासाठी बसलो, तेही अर्धं अक्षर राहिलं असताना उठलो.