समोरच्या कठड्याची उंची

आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर कंप्यूटर शिकायचं मनावर घेतलं तेव्हा मी खूश झाले होते. म्हटलं, चला, माणूस एका जागी बसेल. बसला. पण बसून जे काही केलं ते बघून, सगळी नोकरी हिशेबखात्यात काढलेल्या माझ्यासारखीलाही घाम फुटला. एका दुपारी मला हाक मारून म्हणाले, "अगं, जरा बघ ना, हा चेंडू मागे का जातोय?"

समोर पडद्यावर आकडेमोडीचं एक शीट उघडलेलं. वर ठळक अक्षरांत 'कंदील प्रक्षेपण'. खाली रबर किती ताणायचं, कोन किती ठेवायचा, चेंडू किती लांब पडेल. चाळीस अंशांसमोरचं उत्तर उणे आलेलं. म्हणजे आमच्या गॅलरीतून समोरच्या चाळीवर मारलेला चेंडू, ह्यांच्या गणिताप्रमाणे, उलटा फिरून माझ्या स्वयंपाकघरात येणार होता.

हा चेंडू काय प्रकार आहे ते सांगते. ठाकूरद्वारला आमची चाळ आणि समोरची चाळ यांच्यामध्ये एक बोळ आहे. दिवाळीत त्या बोळावर मधोमध वाडीचा मोठा कंदील लागतो. दोरीचं एक टोक आमच्या तिसऱ्या माळ्याच्या गॅलरीला, दुसरं समोर दुसऱ्या माळ्यावर माझ्या धाकट्या दिरांच्या गॅलरीला. दोरी खालून वर नेता येत नाही, कारण मध्ये केबलच्या वायरींचा गुंता आहे. म्हणून सुतळी बांधलेला रबरी चेंडू इथून ह्यांनी वायरींवरून फेकायचा, तिथे भावोजींनी झेलायचा, आणि मग सुतळीला बांधलेली दोरी ओढून घ्यायची. कित्येक वर्षं दोघं भाऊ हे करत आले. त्याला गणितबिणित कधी लागलं नव्हतं.

मागच्या दिवाळीला कंदील लागलाच नाही. त्याआधी भावोजींच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिकेत निमंत्रकांमध्ये ह्यांचं नाव, सख्खा थोरला काका असून, मुलीच्या मामांच्या खाली छापलं गेलं. भावोजी म्हणाले, छापणाऱ्याची चूक. हे म्हणाले, प्रूफ कोणी वाचलं होतं? झालं. लग्नात हे पोटभर जेवले, आहेर केला, फोटोलाही उभे राहिले, पण भावाशी चकार शब्द नाही. त्याला आता वर्ष होऊन गेलं. गॅलऱ्या समोरासमोर. सकाळी हे चहाचा कप घेऊन बाहेर येतात आणि समोरच्या चाळीकडे पाठ करून आमच्याच भिंतीकडे बघत चहा पितात. भिंतीत बघण्यासारखं काय आहे? पोपडे.

मला हे बघवत नव्हतं. ह्यांचे आईवडील कधीच गेले, तिसरं भावंड नाही. ह्या वयात धरलेला अबोला तसाच राहून जातो, माणूस जातं आणि अबोला मागे उरतो, हे मी आमच्याच वाडीत बघितलंय. ह्यांचंही तसंच होईल याची मला भीती वाटत होती. समजावून झालं, रागावून झालं. "तू मध्ये पडू नकोस," एवढंच उत्तर.

यंदा वाडीतल्या चारजणांनी येऊन कंदिलाचं विचारलं. नाही म्हणायची सोय नव्हती. आणि मग आमच्या ह्यांनी अशी युक्ती काढली की भावाची गरजच पडू नये. खांदा आखडल्यामुळे हाताने फेकणं बंद झालं होतंच. मग कठड्याला सायकलच्या ट्यूबची मोठी बेचकी बांधायची, चेंडूला एक लोखंडी आकडा लावायचा आणि तो इतका अचूक मारायचा की समोरच्या कठड्यावरून आत पडून, मागे ओढला की आपोआप अडकेल. झेलणारा नको, बोलणं नको. त्या अचूकपणासाठी हे शीट. एक शब्द वाचवायला माणसाने केवढा खटाटोप करावा.

मी शीट हातात घेतलं. कर्म माझं. बोळाच्या रुंदीसमोर, आकड्याच्याच घरात 'बावीस फूट' असं अक्षरांत लिहिलेलं. कंप्यूटर त्याची बेरीज काय कपाळ करणार? चेंडू मागे जात होता कारण कोन अंशांत दिला होता आणि शीटला तो रेडियन नावाच्या दुसऱ्या मापात लागतो. ते सुधारल्यावर चेंडू मुकाट्याने पुढे गेला. मग ह्यांचं सूत्र शाळेतलं, जिथून फेकलं त्याच पातळीवर पडतं असं धरलेलं. आपण तिसऱ्या माळ्यावर, समोरचे दुसऱ्या, हा फरक मी त्यात घातला. सुतळीचं वजन चेंडूला मागे खेचतं, त्याची एक वजावट घातली. शेवटी लाल रंगाचं एक घर उरलं: 'समोरच्या कठड्याची उंची'.

"ही किती?" मी विचारलं.

"तीन फूट धर."

"मोजलीय?"

"लहानपणापासून बघतोय."

"आता बघा की. समोरच आहे."

हे चष्मा पुसायला लागले.

मग मी माझ्या पद्धतीने सुधारणा केली. ते शीट ऑनलाइन टाकलं आणि त्यात लिहायची मुभा गुपचूप भावोजींना दिली. त्यांना एवढंच कळवलं, "तुमच्या घरावर मारा होणार आहे, आकडे तपासून घ्या."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी शीट उघडलं आणि ओरडले, "ह्यात कोणीतरी शिरलंय." तीन फुटांचे साडेतीन झाले होते. ह्यांनी परत तीन केले. चहा होईपर्यंत पुन्हा साडेतीन. मग ह्यांनी शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "कोणी मोजला?" थोड्या वेळाने खाली उमटलं, "ज्याचा आहे त्याने."

मला वाटलं, आता लॅपटॉप मिटतील. मिटला नाही. नाकाचा शेंडा लाल झाला, पण माणूस खुर्चीतून हलला नाही. बऱ्याच विचाराने लिहिलं, "वारा?" उत्तर आलं, "टॉवेल हलतोय. फार नाही." मी भाजी निवडत होते, मान वर न करता तिरक्या नजरेने पडदा वाचत. मग पलीकडून आलं, "दोरी जुनीच का?" ह्यांनी लिहिलं, "जुनी उंदरांनी खाल्ली." "कोणाच्या घरच्या?" "तुझ्या." एका शब्दाला महाग झालेले दोन बुवा टाइप करकरून भांडत होते, आणि मध्ये बोळ केवढा, तर हळू बोललं तरी पलीकडे ऐकू जाईल एवढा.

मग ह्यांनी आपली युक्ती लिहिली: "आकडा लावतोय. कोणी झेलायला नको."

पलीकडून उत्तर आलं, "जमणार नाही. ग्रील बसवलंय. खिडकी आतून उघडून हात बाहेर काढावा लागेल."

"कधी बसवलं?"

"मार्चमध्ये. चक्कर येत होती. एकदा कठड्यावरून तोल जाता जाता राहिला. ही ऐकेना, मग बसवलं."

चकरेचं मलाही माहीत नव्हतं. जाऊबाईंनी मला कबुतरांमुळे ग्रील लावलं म्हणून सांगितलं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खुर्चीतून उठले, गॅलरीत गेले आणि समोरच्या चाळीकडे तोंड करून उभे राहिले. तिथे पांढरं, नवं म्हणावं असं ग्रील होतं, मार्चपासून. आतल्या तारेवर टॉवेल वाळत होता. बराच वेळ हे तिथे उभे होते. 

परत येऊन एका बोटाने टाइप केलं, "वाकायचं नाही. झेलायचं नाही."

"मग कोण झेलणार?"

ह्यांनी लॅपटॉप मिटला. खुंटीवरचा शर्ट घातला, बटणं एक घर सोडून लावली, ती मी नीट करायला गेले तर म्हणाले, "तू मारशील का?"

"कोणाला?"

"चेंडू गं."

आणि गेले. जिन्यावरून चपलांचा आवाज उतरत गेला, मग बोळातून हे भराभर जाताना दिसले. सुतळीची गुंडाळी, बेचकी आणि शीटचे आकडे घेऊन मी कठड्याशी उभी राहिले. जन्मात कधी गोटी मारली नव्हती मी. तेवढ्यात समोरच्या ग्रीलची खिडकी उघडली. खिडकीत हे. मागे भावोजी, वर्षभरात वाळून गेलेले. ह्यांनी एक हात खिडकीबाहेर काढला होता, आणि दुसऱ्या हाताने भावाचा सदरा पोटाशी घट्ट मुठीत धरला होता. चेंडू झेलायला हे उभे होते, तोल भावाचा जाणार होता का? पण मूठ काही सुटत नव्हती.

मी शीटप्रमाणे कोन लावला, खुणेपर्यंत रबर ताणलं, डोळे मिटले आणि सोडलं. चेंडू थेट केबलच्या वायरींवर बसला.

"अगं, कोन बघ, कोन," हे तिकडून.

"दादा, वहिनींना कशाला बोलतोस? तुझं शीट चुकलंय."

"शीट बरोबर आहे. तुझा कठडा चुकलाय."

"कठडा मी टेपने मोजलाय."

"टेप कोणाची?"

"तुझीच. परत कुठे मागितलीस?"

"मागायला बोललास का वर्षात?"

"तू बोललास?"

बोळातली माणसं माना वर करून बघायला लागली. मी सुतळी ओढून चेंडू सोडवला, आत घेतला, पुन्हा बेचकीत ठेवला आणि रबर ताणलं. हात भरून आले होते, पण सोडलं नाही. म्हटलं, भांडू देत अजून थोडं.