एकही खटला न हरलेला वकील

वकीलसाहेबांच्या दारावर पितळी पाटी होती आणि नावाखाली, कोणी विचारलेलं नसताना, एक ओळ कोरली होती: ‘आजवर एकही खटला हरलेला नाही.’ ओळ अगदी खरी होती. वकीलसाहेबांनी आजवर एकही खटला लढवलाच नव्हता.

ताईने ती पाटी कितीदा पाहिली असेल याला गणती नाही, कारण साहेबांचे कपडे इस्त्री करून पोचवायला तीच जायची. ताई म्हणजे साहेबांची थोरली बहीण. आईबाप एकामागोमाग गेले तेव्हा ही जेमतेम वयात आलेली आणि हा शेंबडा. कोर्टासमोरच्या कोपऱ्यावर तिने इस्त्रीचं दुकान थाटलं. दुकान कसलं, एक टेबल आणि रस्त्याकडे उघडणारी भली मोठी खिडकी. चुरगळलेले कपडे खिडकीतून आत यायचे आणि कडक होऊन खिडकीतूनच बाहेर जायचे. त्याच खिडकीच्या उजेडात स्टुलावर बसून धाकट्याने कायद्याची पुस्तकं घोकली. पोरगं तोंड उघडायचं ते फक्त जेवायला, म्हणून ती त्याला घुम्या म्हणायची. पुढे तो वकील झाला, साहेब झाला, पण तिच्यापुरता घुम्याच राहिला.

पहिल्यांदा न्यायाधीशासमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा घुम्याला दरदरून घाम फुटला. पोटात दुखतंय असं सांगून तो थेट ताईच्या दुकानात येऊन बसला. दुसरा कोणी असता तर तिथेच संपला असता, पण याचं नशीब बघा. एका भिंतीवरून दोन व्यापाऱ्यांचं वाजलं होतं. त्यातला एक घुम्याच्या खोलीत नुसता पाणी प्यायला शिरला. दुसऱ्याने ते लांबून पाहिलं आणि त्याचं धाबं दणाणलं.

“माझी केस नका घेऊ हवं तर,” संध्याकाळी हा दुसरा येऊन म्हणाला, “पण त्याचीही घेऊ नका. फी मी देतो.”

घुम्या गप्प. बोलायचं काय हेच त्याला सुचेना. व्यापाऱ्याला वाटलं, साहेबांना कमी पडतंय. त्याने फी दुप्पट केली.

झालं, घुम्याला धंद्याची किल्ली सापडली. गावात ज्याचं कोणाशी बिनसेल तो आधी धावत याच्याकडे यायचा आणि याला गप्प बसवून जायचा. बाकीचे वकील घसा फोडून अर्धमेले व्हायचे, हा खुर्चीत रेलून नखं कापायचा. जो कधी बोलतच नाही तो बोलला तर काय आग ओकेल, या नुसत्या कल्पनेने गाव टरकून असायचं. घुम्याचं सोडा, मला कीव येते ती गावाची. एकालाही कधी वाटलं नाही, की बाबा रे, एकदा तोंड उघडून तरी दाखव.

घुम्याने बंगला बांधला. ताईने त्याच्यापुढे कधी हात पसरला नाही. उलट तिला त्याचा अभिमान होता, आणि तो कशावर कमावतो हे तिला बरीच वर्षं ठाऊकही नव्हतं.

ठाऊक झालं ते स्वतःवर बेतलं तेव्हा. दुकानाच्या मालकाला ती मोक्याची जागा मोकळी करून हवी होती. ताई कागदांची पिशवी घेऊन बंगल्यावर गेली.

“घुम्या, एवढी एक केस लढ रे माझी. पावत्या सगळ्या आहेत माझ्याकडे.”

घुम्या उठला आणि खिडकीचा पडदा उगाचच सारखा करत राहिला. “मला नाही घेता येणार, ताई. मालक परवाच येऊन गेला.”

“म्हणजे? तू त्याच्या बाजूने?”

“छे छे! काय बोलतेस? तुझ्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही मी. मी कुणाच्याच बाजूने नाही.”

आणि हे सांगताना त्याच्या तोंडावर उपकार केल्याचा भाव होता! असल्या माणसापेक्षा शत्रू परवडला, तो निदान समोर तरी येतो. दुसरा वकील करायची ताईची ऐपत नव्हती. दुकान गेलं. बाजारामागच्या बोळात, एका गोदामाच्या पोटात तिला खोली मिळाली; राहणंही तिथेच आणि इस्त्रीही तिथेच. चार भिंती आणि एक दार. इस्त्रीची धग आणि वाफ बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे तिला खोकला जडला तो कायमचा. घुम्या तिकडे कधी फिरकला नाही. त्याच्या कपड्यांचा गठ्ठा गडी आणून टाकायचा.

पुढे राजकारणातही तेच झालं. वकीलसाहेब दुसऱ्या पक्षात गेले तर काय घ्या, या धास्तीने एका पक्षाने त्याला तिकीट देऊन टाकलं आणि घुम्या खासदार झाला. राजधानीत तर तो माहेरी आल्यासारखा सुखावला. पक्ष म्हणेल तेव्हा हात वर करायचा, पक्ष म्हणेल तेव्हा सभागृहाबाहेर जाऊन बसायचं. सबंध मुदतीत त्याच्या तोंडून एकच वाक्य निघाल्याची नोंद आहे: “मागचा पंखा जरा कमी करा.” पंखा कमी झाला नाही.

दुसऱ्या खेपेला तो काठावर निवडून आला आणि पडलेल्या उमेदवाराने कोर्टात अर्ज ठोकला. मतदानाच्या आदल्या दुपारी खासदारसाहेब स्वतः बसून मतदारांना पाकिटं वाटत होते, असा आरोप होता. वाटतच होते, अर्धं गाव रांगेत होतं. आता मात्र घुम्याची पाचावर धारण बसली. त्याने गाडी पाठवून ताईला बंगल्यावर आणवलं.

“ताई, त्या दुपारी तू आजारी होतीस ना?”

“तापाने फणफणले होते. तुला निरोप धाडला होता मी.”

“तेच तर! मी तुझ्या उशाशी बसलो होतो, एवढंच सांगायचं. नुसतं ‘हो’ म्हण. नाहीतर खासदारकी जाते माझी.”

ताईने चार दिवस तळमळत काढले. शपथ घेऊन खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण शेवटी पाठचा भाऊ, ज्याचं शेंबडं नाक आपणच पुसलं. तिने स्वच्छ लुगडं इस्त्री केलं आणि ती कोर्टात गेली.

आधी घुम्याची साक्ष झाली. ती ऐकायची नाही म्हणून ताईला बाहेर बाकावर बसवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच घुम्या कोर्टात बोलला आणि बोलायला लागला तो थांबेचना. समोरची वकीलबाई पोरसवदा होती. तिने त्याला मनसोक्त बोलू दिलं.

मग ताईचा पुकारा झाला. घुम्याच्या वकिलाने विचारलं, “त्या दुपारी तुमचे भाऊ तुमच्याजवळ होते ना?”

“हो,” ताई म्हणाली. घुम्याचा जीव भांड्यात पडला.

वकीलबाई उठली. “मावशी, तुमचे भाऊ सांगतात की खिडकीतून तुमच्या तोंडावर ऊन येत होतं. म्हणून त्यांनी उठून हळूच पडदा ओढला आणि मग तुमचा हात हातात घेऊन बसले. मला एवढंच सांगा, ही खिडकी पलंगाच्या कुठल्या बाजूला?”

डावी की उजवी, एका शब्दाचं काम होतं. ताईने घुम्याकडे पाहिलं. देशाचे कायदे करणारा तो माणूस मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताचा अंगठा हळूच हलवून तिला खुणावत होता.

तो आला नव्हता, हे ताईने गिळलं होतं. खोटं बोलायचंही गिळलं होतं. पण इतक्या वर्षांत आपण कुठल्या बिळात राहतो हे याने एकदा डोकावून पाहिलं नाही, आणि वर हळूच पडदा ओढतो? तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“माझ्या खोलीला खिडकी नाही,” ती म्हणाली. “खिडकीचं दुकान होतं माझं, ते याच्यापायी गेलं. आणि साहेब, मघाचं माझं ‘हो’ खोटं होतं. काय शिक्षा द्यायची ती द्या. हा आला नव्हता.”

न्यायाधीशांनी तिला कडक समज देऊन सोडलं. घुम्याची खासदारकी गेली, आणि पाटीवरची ती ओळही त्याला घासून काढावी लागली.

निकालाच्या दिवशीच घुम्या बोळात आला. बहिणीचं घर त्याला दोघातिघांना विचारावं लागलं. ताई त्याचाच काळा कोट इस्त्री करत होती.

“माझ्याविरुद्ध बोललीस ना, ताई?” तो दारातूनच ओरडला. “सख्खी बहीण असून?”

ताईने कोट तसाच, एक बाही चुरगळलेली ठेवून, त्याच्या हातात दिला आणि दारातून बाजूला झाली.

“आत ये. चारही भिंती नीट बघून घे. पुढच्या वेळी साक्ष द्यायला उपयोगी पडतील.”

घुम्या आत आला नाही.