बाबांनी भरलेला कोळसा

मंडळी, आज सकाळी आमच्या सूत रंगवण्याच्या कारखान्यातून गटारात लाल पाणी गेलं. बाबा गेल्यापासून फिल्टरच्या टाकीतला कोळसा कुणी बदललाच नव्हता. कोळसा रंग शोषतो, पण त्याची शोषायची ताकद संपली की रंग तसाच पुढे जातो.

टाकी उघडली. हा कोळसा बाबांनी स्वतः भरलेला. माझा हात पुढे जाईना.

आमचे जुने रंगारी नरसय्यामामा म्हणाले, “काढ की पोरी. हे लाल पाणी बघून तुझ्या बापानं आपल्या दोघांना लई शिव्या घातल्या असत्या.”

सगळा उपसून गोणीत भरला. नवा घातला. दुपारी नितळ पाणी आलं.

बाबांच्या हातचं शेवटचं काम मात्र मीच काढून टाकलं. तुम्हाला असं काही टाकावं लागलंय का?