वसुधाताईंचा चुकलेला मणी

आमच्या मण्यांच्या वर्गात माळा कमी आणि किस्सेच जास्त तयार झाले, असं कुंदाचा नवरा अजून म्हणतो. त्यात तथ्य आहे. माळा विकल्या गेल्या, भेट दिल्या गेल्या, काही तुटल्या. किस्सा मात्र एकही गेला नाही. आम्ही तिघी भेटलो की एक निघतो, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि चहा गार होतो.

वर्ग म्हणजे नाशिकला गंगापूर रोडवरच्या वसुधाताईंच्या फ्लॅटची बंद केलेली गॅलरी. वसुधाताई शाळेत शिवण आणि हस्तकला शिकवून रिटायर झालेल्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी हा वर्ग सुरू केला. काचेचे बारीक रंगीत मणी दोऱ्यात ओवायचे आणि क्रोशाच्या सुईने त्याच दोऱ्याची दोरीसारखी गोल माळ विणायची. पहिल्या दिवशी पंधरा बायका आल्या. महिन्याभरात उरलो तिघी. शेजारच्या बिल्डिंगमधली कुंदा, सिन्नरहून एसटीने येणारी मंगल आणि मी.

*

या कामात डिझाइन ठरतं ते ओवतानाच. आधी सगळे मणी क्रमाने ओवून घ्यायचे, मगच विणायला बसायचं. हे मला तीनदा सांगितलं होतं. तरी मी उत्साहाच्या भरात मूठभर मणी ओवले आणि विणायला घेतलं. बोटभर माळ झाली आणि मणी संपले! सुई दोऱ्यात अडकलेली, रीळ दुसऱ्या टोकाला. नवीन मणी घालणार कुठून?

वसुधाताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पाहुणे जेवून हात धुवायला उठले, की मग कुकर लावतेस का गं तू?"

ती बोटभर माळ माझ्या मुलीने बाहुलीला घातली.

*

वसुधाताईंचा एक नियम होता. पुस्तकातलं डिझाइन वर्गात आणायचं नाही. "देवाने डोळे दिलेत ना? मग बाहेर बघा! रंग काय दुकानातच मिळतात?"

हे मंगलने फारच मनावर घेतलं. एकदा वर्ग संपल्यावर एसटी चुकली म्हणून ती द्वारका चौकात सिन्नरची जीप बघत उभी होती. तेवढ्यात समोरून एक बाई गेली. वांगी रंगाचं लुगडं, पोपटी काठ आणि काठात डाळिंबी ठिपके. बाई एका जीपमध्ये बसली. मंगलही तिच्या मागे त्याच जीपमध्ये बसली आणि किती पोपटीनंतर किती डाळिंबी, ते मोजायला लागली. मान वर केली तेव्हा भलत्याच रस्त्यावरचं चांदवड आलं होतं!

तिने बूथवरून घरी फोन लावला. नवरा ओरडला, "चांदवडला? तिथं कोण हाय आपलं?"

"कोणी नाय ओ. काठ मोजत व्हते."

"मंग? झाला का मोजून?"

"नाय ना! बाई उतरून गेली."

पुढे आमच्या माळांचं प्रदर्शन भरलं, त्यात सगळ्यात आधी विकली गेली ती हीच वांगी-पोपटी माळ. तिचा अर्धा काठ मंगलने स्वतःच्या डोक्याने पूर्ण केला होता, आणि वसुधाताईंच्या मते तोच अर्धा जास्त चांगला होता.

*

कुंदाचं नेमकं उलटं. "मला काही सुचतच नाही," हे तिचं पालुपद. वसुधाताईंनी तिला सांगितलं, "घरात बस, चार दिवस काही विणू नकोस. नुसते रंग शोध."

चौथ्या दिवशी कुंदाला सुचलं. हॉटेलातून पुडीत बांधून आणलेली रंगीत बडीशेप तिच्या घरात पडून होती. तिने ताटलीत एकेक दाणा मांडायला घेतला. गुलाबी, पांढरा, पिवळा, मग दोन हिरवे. दीड तास खपून पूर्ण माळेचं डिझाइन तयार झालं. ते कागदावर उतरवून घ्यावं म्हणून ती पेन शोधायला आत गेली.

बाहेर आली तर सासरे ताटली निपटून मिशा पुसत होते.

"अण्णा, ते डिझाइन होतं!"

"असं होय! मी म्हणतोय, एवढी ओळीत का लावलीय. जरा सादळली होती पण."

*

आता वसुधाताईंच्या डोळ्यांचं सांगायला हवं. त्या सत्तरीला टेकल्या होत्या आणि आम्हाला एकदा सांगून बसल्या होत्या, "ज्या दिवशी मला मणी दिसायचा बंद होईल, त्या दिवशी हा वर्ग बंद. कोणी रडायचं नाही, कोणी समजूत घालायची नाही." बाई बोलल्या की तसं करणाऱ्या होत्या. मंगलला आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडायला मिळायचं ते या वर्गामुळे. कुंदाचं आणि माझं तर दुसरं काही जगच नव्हतं.

पुढे त्यांचं मनगट दुखायला लागलं. तेव्हापासून ओवायच्या त्या आणि विणायच्या आम्ही. आणि पहिल्याच माळेत कुंदा विणता विणता थांबली. दोन लाल, एक पिवळा, दोन लाल, एक पिवळा असं चाललेलं, आणि मध्येच पिवळ्याच्या जागी निळा!

वसुधाताईंनी ओवलेल्या माळेत चूक! आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो.

पुढच्या माळेतही तेच. तिसऱ्या माळेतही. प्रत्येक माळेत एकच मणी चुकलेला. जास्त वाईट वाटायचं ते त्या एकाचंच. बाई बिचाऱ्या एवढं जपून ओवतात, तरी एक निसटतोच!

सांगायचं कोणी? सांगितलं की वर्ग बंद. मग आम्ही ठरवलं, सांगायचंच नाही. त्या चहा टाकायला आत गेल्या की चुकलेला मणी पकडीने फोडायचा आणि त्या जागी बरोबर रंगाचा मणी सुईने टाकून द्यायचा. दोन मिनिटांचं काम.

*

अडचण एकच होती. काचेचा मणी फुटताना "कट्" असा आवाज होतो. तो झाकायला मंगलने खोकायचं ठरलं. मी पक्कड धरली की मंगल असं खोकायची, की खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायच्या, "कोण आजारी आहे गं वर?"

तिसऱ्या आठवड्यात वसुधाताई चहाबरोबर एक वाटी घेऊन आल्या. "मंगल, हा अडुळशाचा काढा. माझ्यासमोर प्यायचा."

काढा कडूजहर. मंगलने डोळे मिटून घेतला. पुढच्या वेळी पुन्हा खोकणं आलं, पुन्हा काढा आला. वसुधाताईंनी त्यात मिरेही वाढवले. वर्षभर मंगल खोकत होती आणि काढा पीत होती.

एसटी स्टँडवर मला एकदा म्हणाली, "ताईचे डोळे ऱ्हाऊ द्या, माझी जीभ गेली!" पण खोकायला एकदाही चुकली नाही.

*

प्रदर्शनात एक पुण्याच्या बाई आल्या होत्या. त्यांनी आमची लाल-पिवळी माळ हातात घेतली, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "मशीनवर केलीय ना? एकही चूक नाही हो!"

आम्ही तिघी खुशीत. कुंदाने तर मला कोपराने ढोसलं. वसुधाताईंचा चेहरा मात्र पडला. त्यांनी ती माळ मागून घेतली, उजेडात नेली आणि एकेक मणी बोटाने पुढे ढकलत शेवटपर्यंत पाहिली. पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मग पुण्याच्या बाईंना परत देत "बरोबर आहे तुमचं" एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, मशीन म्हटल्याचा राग आला.

*

पुढच्या मंगळवारी गॅलरीत गेलो तर मण्यांच्या बाटल्या खोक्यात भरलेल्या. चटई गुंडाळलेली. वसुधाताई खुर्चीत ताठ बसलेल्या.

"बसा. वर्ग आजपासून बंद. मला मणी दिसत नाही."

मंगलच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. कुंदा कशीबशी म्हणाली, "पण ताई, डॉक्टरांना दाखवलंत का?"

"तीनदा दाखवलं. म्हणतो, नजर उत्तम आहे. कालचा पोरगा, त्याला काय कळतंय? मी त्याला तोंडावर सांगितलं, तुझं सर्टिफिकेट खोटं आहे."

"पण कशावरून दिसत नाही म्हणता?" मी विचारलं.

वसुधाताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "हसू नका. प्रत्येक माळेत मी मुद्दाम एक मणी चुकीच्या रंगाचा ओवते. तीट म्हणून. दृष्ट लागू नये एवढ्यासाठी, माझ्या आईची पद्धत. माळ पूर्ण झाली की तो मणी शोधून मगच ती बाहेर द्यायची. गेल्या वर्षभरात एकाही माळेत मला तो सापडला नाही! स्वतःच्या हाताने घातलेला मणी दिसत नाही मला. अजून काय हवं?"

मंगलला खोकला आला. या वेळी खराच.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "ते मणी हाईतच कुठं? आम्ही फोडले सगळे."

मग आम्ही सगळं सांगितलं. पक्कड, सुई, खोकला, सगळं. सांगताना कुंदा रडत होती आणि मी जमिनीकडे बघत होते. सगळं ऐकून झाल्यावर वसुधाताई उठल्या, हॉलमध्ये गेल्या आणि फोनचे आकडे फिरवल्याचा आवाज आला.

"डॉक्टर, मी वसुधाताई. परवा तुम्हाला बोलले ते सगळं मागे घेते. तुमचं बरोबर होतं. पण आता माझ्याकडच्या तीन बायका तुमच्याकडे पाठवतेय. त्यांना जरा जास्तच दिसतं. त्यावर काही औषध आहे का?"