शंभर किलोमीटरची सायकल

दर भाऊबीजेला मी नांदेडहून जळकोटला, अक्काकडे, सायकलवरच जातो. यंदा गुडघ्याने नकार दिला, म्हणून डोंगरात चालणारी विजेची सायकल घेतली. इतक्या पैशांत बरी जुनी मोटारसायकल आली असती. "एका चार्जिंगमधी शंभर किलोमीटर साहेब, चढ बी चढते," दुकानदार म्हणाला होता. जळकोट त्याहून जवळच. अक्का मला ओवाळल्याशिवाय घास घेत नाही आणि तिला साखरेचा आजार. "जेवणाच्या आधी पोचतो," असं तिला सांगून पहाटेच निघालो.

कंधारपर्यंत सायकल अशी चालली की दृष्ट लागावी. पायडल नुसतं हलवायचं, पाठीत कुणी हात देऊन ढकलतंय असं वाटायचं. दोन्ही बाजूंना हिरवी तूर, मध्येच फुटलेला कापूस. कंधारला फोडणीच्या मुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, वर कडक चहा. बॅटरी निम्मी उरली होती. दुकानदाराला मनातल्या मनात शाबासकी दिली, एवढा मी खुळा.

पुढे चढ सुरू झाले आणि बॅटरी बघता बघता उतरली. जांबच्या अलीकडे संपलीच. बंद पडलेली ही सायकल साध्या सायकलीच्या दुप्पट जड! गुडघा ठणकायला लागला. उतरून ढकलत दुकानदाराला फोन लावला.

"शंभर म्हंजे सपाट रस्त्यावर, साहेब. सगळ्यात कमी पॉवरच्या मोडवर. माणूस बी हलका पाहिजे."

"मग विकताना बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलंच न्हाई की."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा फोन ठेवून अक्काला लावला आणि जेवून घे म्हणालो. "तू ये आधी," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

जांबला सणाच्या दिवशीही एक वेल्डिंगचं दुकान उघडं होतं. मालक सलीमभाईंनी माझी सगळी कथा ऐकून प्लग दाखवला. "चार्जिंगला किती टाइम लागते?"

"चार-पाच तास."

"अन् बहीण उपाशी बसून राहिली म्हणता? लई झालं. टाका माझ्या टेंपोत."

जळकोटला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अक्का उंबऱ्यात बसली होती, घामाने डबडबलेली. हट्टाने उठून तिने ताट घेतलं. हात इतका थरथरत होता की कुंकू माझ्या नाकावर लागलं. दुसऱ्या फेऱ्याला ती खालीच बसली. उपाशी राहून तिची साखर उतरली होती; तिच्या सुनेने घाईने तिच्या तोंडात साखर घातली. मी मात्र तिथेही दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत होतो.

जरा बरं वाटल्यावर अक्काने माझ्याकडे पाहिलं. "यष्टी बंद होती का रे? मला तुला ओवाळायचं होतं. सायकलीला न्हाई."

मी नाकावरचं कुंकू बोटाने टिपून कपाळाला लावलं.

परतीला सायकल एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टरने तिचंही तिकीट फाडलं. नांदेडला उतरून तडक दुकान गाठलं आणि अक्काचं सगळं सांगितलं. दुकानदार हसतच म्हणाला, "जोड बॅटरी घेऊन टाका साहेब. न्हाईतर बहिणीला सांगायचं, जेवून घ्या म्हणून."

मी इतका ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली. आत एक गिऱ्हाईक नेमकी अशीच सायकल चाचपत होतं. त्याने हळूच विचारलं, "काका, पैसे वसूल हाईत का?"

खोटं कशाला बोलू? "सपाटीला आहेत," मी म्हणालो. "चढाचे पैसे मी भरलेच नाहीत. ते माझ्या बहिणीने भरले, दिवसभर उपाशी बसून."

"साहेब, गिऱ्हाईक तोडू नका," दुकानदार म्हणाला. पण गिऱ्हाईक तोवर पायऱ्या उतरलं होतं.

सायकल आता गावातल्या गावात वापरतो. पुढच्या भाऊबीजेला पहिल्या एसटीने जाणार आहे. त्या दुकानदारावरचा राग अजून गेलेला नाही, आणि स्वतःवरचा तर मुळीच नाही.